लागलेले बोट, लावलेले बोट: टचस्क्रीनच्या एका जुन्या पेचाचा इतिहास

यंत्राला आज्ञा देण्याच्या जुन्या साधनांमध्ये, म्हणजे खटका, दांडा, विजेचे बटण किंवा टंकलेखन यंत्राची कळ यांमध्ये, माणसाचा हेतू ओळखण्याची जबाबदारी यंत्रावर नव्हतीच. ती एका साध्या स्प्रिंगवर होती. कळ दाबली जाण्यासाठी ठरावीक जोर लागतो, ती ठरावीक अंतर खाली जावी लागते आणि या दोन्ही अटी पूर्ण झाल्याखेरीज आज्ञा पुढे जात नाही, त्यामुळे कळेवर नुसते टेकलेले बोट आणि कळ दाबणारे बोट यांच्यातील निवाडा कोणत्याही गणिताविना होऊन जात असे. टचस्क्रीनने ही स्प्रिंग काढून टाकली. काच खाली जात नाही आणि वर येत नाही. तिच्यावर काहीतरी टेकले आहे एवढेच तिला कळते, आणि ते बोट मुद्दाम ठेवलेले आहे, की लिहिताना टेकलेला तळहात आहे, की खिशातल्या कापडाआडून लागलेली मांडी आहे, हे तिला दुसऱ्या कशावरून तरी ताडावे लागते. हे ताडण्याचे तंत्र कसे घडत गेले याची हकिगत बहुधा संवेदकांच्या, म्हणजे स्पर्शाची जाणीव करून देणाऱ्या घटकांच्या, सुधारणेची हकिगत म्हणून सांगितली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ शोध संवेदकांचे नसून निर्णय केव्हा घ्यावा आणि घेतलेला निर्णय केव्हा मागे घ्यावा यासंबंधीचे आहेत.

इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि १९६७ मध्ये तीच कल्पना विस्ताराने मांडली. विमान वाहतूक नियंत्रकाला पडद्यावर दिसणाऱ्या विमानाविषयीची माहिती टंकित करण्याऐवजी पडद्यावरील नावालाच हात लावता यावा, असा तिचा उद्देश होता. बोट टेकले की त्या जागेची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि तो बदल मंडलाला मोजता येतो, हे त्यामागचे तत्त्व आजच्या फोनमध्येही कायम आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्रात फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्प यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात याच तत्त्वावर पारदर्शक पडदे तयार केले आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षात ते बसवले. त्या पडद्यांवर सोळा ठरावीक जागांची बटणे होती आणि प्रत्येक बटणावरचे नाव प्रसंगानुसार संगणक बदलत असे. मुद्दाम केलेला आणि चुकून झालेला स्पर्श यांतला फरक या दोन्ही ठिकाणी फारसा भेडसावला नाही. बटणे मोठी, त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर, पडदा स्थिर आणि त्यासमोर बसलेला माणूस प्रशिक्षित, अशा परिस्थितीत चुकून हात लागण्याचा संभवच कमी होता. प्रश्न सुटला नव्हता. तो उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला तो टचस्क्रीन सामान्य माणसांसमोर आल्यावर. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९७२ मध्ये प्लेटो–४ या संगणकाधारित शिक्षणयंत्रणेसाठी जो पडदा वापरला गेला, त्याच्या चौकटीतून अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण प्रकाशाच्या, सोळा आडव्या आणि सोळा उभ्या रेघा पडद्याच्या किंचित पुढून जात असत आणि विद्यार्थ्याने बोट पुढे केले की ज्या दोन रेघा तुटत, त्यांच्या छेदावरून जागा ठरवली जात असे. या रचनेला काच आणि बोट यांच्यातल्या संपर्काची गरजच नव्हती. शर्टाची बाही, कागदाचा कोपरा किंवा दाखवण्यासाठी पुढे केलेले पण टेकवायचे नसलेले बोट, सगळे तिला सारखेच. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८३ मध्ये एचपी–१५० हा संगणक याच पद्धतीने बाजारात आणला, तेव्हा किरणांसाठी चौकटीत ठेवलेल्या छिद्रांत धूळ साठणे ही आणखी एक कटकट निघाली.

सॅम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक रिज येथे स्थापन केलेल्या एलोग्राफिक्स कंपनीची वाट निराळी होती. तिच्या रोधक पडद्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन थर एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर ठेवलेले असतात. वरचा थर दाबून खालच्याला भिडवल्याशिवाय नोंद होत नाही. काढून टाकलेली स्प्रिंग येथे वेगळ्या रूपाने परत आली होती, कारण बाही घासली गेली तरी पडदा दबत नाही. पाम पायलटसारखी लेखणीने चालणारी खिशातली यंत्रे दीर्घकाळ या पडद्यावरच चालली. मात्र सर्वसाधारण रोधक पडद्यावर दोन ठिकाणी एकाच वेळी दाब पडला, तर पडदा त्या दोहोंच्या दरम्यानचा एखादा तिसराच बिंदू नोंदवतो, आणि मनगट टेकवून लिहू पाहणाऱ्याला याचा अनुभव हमखास येत असे.

या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते मेरीलँड विद्यापीठात. तेथील मानव-संगणक संवाद प्रयोगशाळेतील रिचर्ड पॉटर, लिंडा वेल्डन आणि बेन श्नायडरमन यांनी १९८८ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोपर्यंत टचस्क्रीन हे ढोबळ साधन आहे आणि बोटाएवढ्या जाड वस्तूने बारीक लक्ष्य अचूक निवडता येणार नाही, असा समज रूढ होता. या संशोधकांनी पडदा बदलला नाही. त्यावरील स्पर्श केव्हा ग्राह्य धरायचा एवढाच नियम बदलून पाहिला. अमेरिकी राज्यांची दोन अक्षरी संक्षिप्त नावे पडद्यावर दाटीने मांडून त्यांतील सांगितलेले नाव निवडण्याचे काम सहभागी व्यक्तींना देण्यात आले आणि तीन नियमांची तुलना करण्यात आली. पहिल्या नियमानुसार बोट ज्या बिंदूवर प्रथम टेकले तीच निवड, मग ते लक्ष्यावर असो वा नसो. दुसऱ्या नियमानुसार बोट रिकाम्या जागी टेकले तरी चालत असे. ते सरकत जाऊन ज्या लक्ष्याला प्रथम भिडेल ते निवडले जाई. तिसरा नियम असा की बोट टेकल्यावर त्याच्या किंचित वर एक खूण दिसावी, बोट सरकवून ती खूण हव्या त्या नावावर आणावी, आणि बोट उचलले जाईल तेव्हाच निवड पक्की व्हावी. वेगाच्या बाबतीत दुसरा नियम तिसऱ्यापेक्षा सरस ठरला, परंतु चुका सर्वांत कमी झाल्या त्या तिसऱ्या नियमाने.

या निष्कर्षाचे महत्त्व अचूकतेपुरते मानणे म्हणजे त्याला कमी लेखणे होय. बोट टेकण्याच्या क्षणाकडून बोट उचलण्याच्या क्षणाकडे निर्णय सरकवल्यामुळे टेकणे आणि उचलणे यांच्यामध्ये एक अवकाश निर्माण झाला, ज्यात माणूस पाहू शकतो, विचार बदलू शकतो आणि बोट लक्ष्याबाहेर नेऊन आज्ञा रद्द करू शकतो. चुकून लागलेला स्पर्श यंत्राला ओळखता आला नाही तरी चालेल. तो निस्तरण्याची संधी माणसाला मिळाली तर निम्मे काम झाले, हा विचार येथे स्पष्ट आकाराला आला. आजच्या फोनवर एखाद्या बटणावर बोट ठेवून ते तसेच बाजूला सरकवले आणि मग उचलले तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. वापरणाऱ्याला यात काही योजले आहे याची शंकाही येत नाही, आणि चांगल्या योजनेचे हेच लक्षण म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला या तत्त्वाचे जवळचे उदाहरण मुंबईच्या आयआयटीत, तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, तयार झालेल्या आणि २०१३ मध्ये उपलब्ध करून दिलेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात सापडेल. त्यात ‘क’ या कळेवर बोट टेकताच भोवती एक चक्र उमटते आणि त्याच्या पाकळ्यांवर का, कि, की, कु, कू अशी स्वरचिन्हांसह रूपे दिसतात. बोट न उचलता हव्या त्या पाकळीकडे सरकवून उचलले की ते अक्षर उमटते आणि जागच्या जागी उचलले तर नुसता ‘क’ उमटतो. व्यंजन टेकण्यावर आणि स्वर उचलण्यावर, अशी ही वाटणी आहे. बाराखडीच्या रचनेला ती इतकी अनुरूप आहे की निर्णय लांबवल्याची किंमत येथे मोजावीच लागत नाही. तो लांबवलेला वेळच लिहिण्याच्या कामी येतो.

एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श ओळखणारे पृष्ठभाग टोरंटो विद्यापीठात आणि बेल प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात तयार झाले होते, पण संपूर्ण हात ओळखण्याची निकड वेगळ्याच कारणाने निर्माण झाली. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधक वेन वेस्टरमन यांना सतत टंकलेखनाने हातांचा विकार जडला होता आणि त्यामुळे जोर न लावता चालवता येईल असा कळफलक हवा होता. जोर लागत नसेल तर स्पर्शालाच आज्ञा मानावे लागते. आणि स्पर्शालाच आज्ञा मानले तर हात विसाव्यासाठी टेकवायचा कोठे, हा पेच उभा राहतो. १९९९ मधील त्यांच्या प्रबंधात आणि त्याच सुमारास मार्गदर्शक जॉन इलायस यांच्यासह मांडलेल्या रचनेत याचे उत्तर दोन अंगांनी दिलेले आहे. पृष्ठभागावरील धारितेचे एक चित्र तयार करून त्यातील प्रत्येक डागाला लंबवर्तुळ बसवायचे आणि त्याचा आकार, कल आणि इतर डागांपासूनचे अंतर यांवरून तो बोटाचा, अंगठ्याचा की तळहाताचा हे ठरवायचे, हे पहिले अंग. दुसरे अंग काळाचे: अनेक बोटे एकदम टेकली आणि तशीच राहिली तर तो विसावलेला हात, आणि एखादे बोट एकटे टेकून झटकन उचलले गेले तर ते टंकलेखन. या दोघांनी स्थापन केलेली फिंगरवर्क्स ही कंपनी ॲपलने २००५ मध्ये घेतली.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन जाहीर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच्या पडद्याच्या गुणांमध्ये नकळत झालेल्या स्पर्शांकडे दुर्लक्ष करण्याच्या क्षमतेचा मुद्दाम उल्लेख केला होता. हे दुर्लक्ष सर्वस्वी पडद्याच्या चातुर्यावर सोपवलेले नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. फोन कानाला लावला की गालाचा स्पर्श ओळखत बसण्याऐवजी जवळ आलेली वस्तू टिपणारा एक निराळा संवेदक पडदाच बंद करून टाकतो. खिशासाठी तर उपाय आणखी साधा होता: एक आकृती ठरलेल्या मार्गाने शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय पडदा उघडायचाच नाही.

हा साधा उपाय पुढे न्यायालयात गाजला. ॲपलच्या त्यावरील पेटंटला आव्हान देणाऱ्यांनी दोन पूर्वदाखले पुढे केले. त्यांतील एक स्वीडनच्या निओनोड कंपनीचा एन–१ हा फोन होता, ज्यात पडद्यावर बोट ओढून कुलूप उघडण्याची सोय आधीच होती. दुसरा दाखला पुन्हा मेरीलँडचाच. कॅथरिन प्लेझां यांनी तेथे १९९० च्या सुमारास टचस्क्रीनवरील खटक्यांच्या निरनिराळ्या रचना तपासल्या होत्या आणि सरकवण्याचा खटका लोकांना विशेष आवडला नसला तरी तो नकळत सरकण्याचा संभव कमी असल्याने अधिक सुरक्षित आहे, असे नोंदवून ठेवले होते. ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये पेटंट अमान्य केले. अमेरिकेत मात्र एकाच अपील न्यायालयाने २०१६ च्या फेब्रुवारीत ते अवैध आणि ऑक्टोबरमध्ये, अधिक न्यायाधीशांच्या पीठासमोर, वैध ठरवले. पेटंटच्या वादात कोणाची बाजू खरी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी चुकून होणार नाही अशी हालचाल शोधणे हेच मोलाचे काम आहे, हे या खटल्यांनी निश्चित केले.

स्पर्शाच्या अर्थाविषयीची दुसरी संदिग्धता बोटाच्या थरथरीतून येते. टेकलेले बोट कधीच पूर्ण स्थिर नसते, त्यामुळे मजकूर सरकवण्यासाठी झालेली हालचाल आणि नुसत्या टिचकीतली हालचाल यांत सीमारेषा आखावी लागते. अँड्रॉइड प्रणालीत ही रेषा साधारणपणे आठ एककांवर आखलेली आहे आणि असे एक एकक म्हणजे एका इंचाचा एकशेसाठावा भाग. म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटरपर्यंत बोट हलले तरी ती टिचकीच मानली जाते. काळाच्या रेषाही अशाच ठरवून दिलेल्या आहेत: दोन टिचक्यांमध्ये तीनशे मिलिसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या तीन दशांशांहून, कमी अंतर असेल तर ती जोडटिचकी, आणि बोट सुमारे अर्धा सेकंद जागचे हलले नाही तर ते दाबून धरणे. या आकड्यांना निसर्गनियमाची प्रतिष्ठा नाही. ते अनुभवाने बसवलेले अंदाज आहेत आणि त्यांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. फोनवरील ब्राउझर अनेक वर्षे प्रत्येक टिचकीनंतर हे तीनशे मिलिसेकंद थांबत असत, कारण दुसरी टिचकी येऊन पान मोठे करण्याची आज्ञा मिळेल की काय हे त्यांना पाहायचे असे. परिणामी सगळेच वेबपान जड वाटे. फोनसाठी आखलेल्या पानांवरील ही प्रतीक्षा क्रोमने २०१४ मध्ये आणि सफारीने २०१६ मध्ये सोडून दिली.

थांबावे तर यंत्र सुस्त वाटते आणि न थांबावे तर चूक होते, या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग लेखणी आणि तळहात यांच्या प्रश्नाने दाखवला. वहीत लिहिताना तळहात कागदावर टेकतो आणि बहुधा लेखणीच्या आधीच टेकतो. लेखणीला स्वतंत्र विद्युतचुंबकीय ओळख असेल तर उपाय सोपा आहे, कारण ती पडद्याजवळ येताच इतर सारे स्पर्श बाजूला सारता येतात. परंतु साधी रबरी टोकाची लेखणी पडद्याच्या दृष्टीने बोटासारखीच असते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्युलिया श्वार्ट्झ, ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर मांडलेली पद्धत अशी होती की प्रत्येक नवा स्पर्श तात्काळ तात्पुरता ग्राह्य धरून त्याची रेघ पडद्यावर उमटू द्यावी, त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात त्याचे क्षेत्रफळ, वेग आणि आसपासच्या डागांची संख्या पुन्हा पुन्हा तपासून प्रत्येक वेळी एक मत नोंदवावे, आणि बहुमत तळहाताच्या बाजूने गेले तर उमटलेली रेघ पुसून टाकावी. तळहाताचे डाग विस्तारतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळतात. लेखणीचा डाग मात्र लहान आणि एकसारखा राहतो. या पद्धतीने लेखणीचे सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के स्पर्श योग्य ओळखले गेले आणि दर रेघेमागे चुकून उमटणाऱ्या तळहाताच्या खुणांचे प्रमाण ०.०१६ पर्यंत खाली आले. मेरीलँडने निर्णय पुढे ढकलला होता. येथे तो लगेच घेऊन मागे घेण्याची तयारी ठेवली गेली. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून आधी कळवलेला एखादा स्पर्श नंतर तळहाताचा ठरला, तर तेवढाच रद्द झाल्याचे उपयोजनांना, म्हणजे ॲप्सना, कळवण्याची तजवीज आहे.

यापलीकडे विजेचे म्हणून काही गोंधळ आहेतच, ज्यांत चूक बोटाची नसतेच. पाणी विद्युतवाहक असल्यामुळे पावसाचे थेंब धारितेत फरक पाडतात, म्हणून पडद्याचे नियंत्रक उभ्या-आडव्या रेषांच्या छेदांची मोजणी आणि प्रत्येक रेषेची स्वतंत्र मोजणी या दोन रीतींची उत्तरे पडताळून पाणी आणि बोट वेगळे करण्याचा प्रयत्न करतात. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युतगोंगाट बोटाशिवायही स्पर्शाचा आभास निर्माण करू शकतो. चार्जिंग चालू असताना पडदा आपोआप चाळे करू लागला, तर दोष पडद्याला देण्याआधी चार्जर बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

भौतिक बटण हा या सर्वांवरचा हुकमी उतारा आहे, असे मात्र मानता येत नाही. भारत सरकारच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये आपत्कालीन मदतीची सोय बंधनकारक झाली आणि त्यासाठी चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबण्याची रीत मान्य करण्यात आली. एकदा दाबणे अपघात असू शकतो, तीनदा दाबणे सहसा नसते, हा त्यामागील तर्क. ब्रिटनमध्ये जून २०२३ मध्ये पोलिसांनी ९९९ या क्रमांकावर येणाऱ्या निःशब्द कॉलच्या वाढत्या संख्येकडे लक्ष वेधले, तेव्हा त्याचे एक कारण बाजूचे बटण पाच किंवा अधिक वेळा दाबले जाताच कॉल लावणारी अँड्रॉइडमधील सोय असल्याचे सांगण्यात आले. खिशाने पाच वेळांची अटही पूर्ण करून दाखवली होती.

तरीही काही ठिकाणी निवाडा काचेच्या विरोधात गेला आहे. अमेरिकी नौदलाची विनाशिका ‘जॉन एस. मकेन’ २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले की जहाजाच्या वेगाचे नियंत्रण टचस्क्रीनवर एका जागेवरून दुसरीकडे सोपवताना दोन्ही बाजूंच्या पंख्यांची नियंत्रणे एकमेकांपासून सुटी झाली होती, आणि वेग कमी करण्याची आज्ञा एकाच पंख्याला पोचत असल्याचे सुकाणूवरील माणसांच्या ध्यानात आले नव्हते. येथे अडचण चुकून लागलेल्या बोटाची नव्हती; पडद्याला स्पर्श कळले होते, पण घडले ते कोणाच्याही मनात नव्हते. हाताला जाणवणारा दांडा पुढे-मागे किती आहे हे न पाहताही कळते, पडद्यावरची आकृती ते सांगत नाही. अमेरिकी नौदलाने २०१९ मध्ये आपल्या विनाशिकांवर वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला.